नानांचा पेला आणि मायचा नेम

आमचं घर गावात ‘इंग्रजीचं घर’ म्हणून ओळखलं जायचं. असं म्हणणाऱ्यांतले निम्मे कौतुकानं म्हणत, निम्मे चिडवायला. कळमनुरीवरून नांदेडला जाताना एक फाटा लागतो, तिथून आत चालत गेलं की काळ्या रानात आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात माझे वडील इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. बाकी घर चारचौघांसारखं शेतकऱ्याचंच होतं. दारात बैलजोडी, पडवीत सरपणाला तुऱ्हाट्यांचा भारा, चुलीवर ज्वारीची भाकर आणि पाट्यावर लसणाचा ठेचा. फक्त या घरात चुकीचं इंग्रजी बोलायला बंदी होती, आणि बरोबर इंग्रजी एकट्या नानांनाच येत होतं.

खेड्यात इंग्रजी बोलतं कोण, असं शहरातल्या माणसाला वाटेल. अहो, सगळेच बोलत. आमच्याकडं यष्टी चुकायची, लाईट जायची, विहिरीवरचं इंजन बिघडायचं, रानात हायब्रेट पेरायचं, सुनेची डिलेवरी व्हायची आणि सासऱ्याला ब्लेडप्रेशर असायचं. हे सगळं इंग्रजी आहे हे बोलणाऱ्याच्या गावीही नसायचं. नानांच्या मात्र कानात ते खड्यासारखं टोचायचं. जेवताना त्यांच्या डाव्या बाजूला पाण्याचा पितळी पेला असायचा आणि डाव्या हातात तांब्याची अंगठी. आमच्यापैकी कोणी चुकला की ते अंगठी पेल्याच्या काठावर मारत. टण्. ज्याच्यासाठी वाजलं त्यानं हातातला घास ताटात ठेवायचा, नाना सांगतील तो शब्द म्हणायचा, आणि मग घास उचलायचा. “लाईट म्हणजे उजेड. उजेड कुठं जातो? जातो तो करंट.” टण्. “हायब्रेट नव्हे, हायब्रिड.” टण्. एकदा माय त्यांना म्हणाली, “गिलासात पानी देऊ का?” तर नाना म्हणाले, “ग्लास. आणि ग्लास म्हणजे काच. हा पितळेचा आहे, म्हणून हा पेला.” माय म्हणाली, “मंग पेल्यात देऊ का?” आणि तिनं पाणी ओतलं. आम्ही बहीण-भाऊ तेव्हा ठसका लागेपर्यंत हसलो होतो.

घराबाहेर पेला नसे, पण नाना होतेच. गावात दूध डेअरी निघाली तेव्हा पेंटरनं इंग्रजी पाटीवर डेअरीची डायरी करून ठेवली. एका अक्षराची इकडची जागा तिकडं झाली होती. नाना रोज शाळेत जाताना त्या पाटीखाली थांबायचे आणि चेअरमनला हाक मारून बाहेर बोलवायचे. “हे दूध घालायचं ठिकाण आहे की रोजनिशी लिहायचं?” चेअरमन पैलवान गडी, त्याला राग यायचा नाही. तो म्हणायचा, “गुरुजी, म्हशीला कुटं वाचता येतं? दूध तेवढंच देऊन राहिली ना ती?” शेवटी नानांनी स्वतः रंगाचा डबा नेऊन पाटी दुरुस्त केली. वाळायच्या आत कोणाची तरी बाही त्यावर घासली आणि ते अक्षर कायमचं पुसट राहिलं. कोणी ‘कझिन ब्रदर’ म्हटलं की ते विचारत, कझिन फादरही आहे का तुला. उसनं मागायला आलेल्या शेजाऱ्याला उसनं मिळायचं, पण त्याआधी ‘बॉरो’ कोण करतो आणि ‘लेंड’ कोण करतो हे ऐकून घ्यावं लागायचं. आणि एका शब्दावर तर त्यांचा विशेष राग होता. वर्गातलं एखादं पोरगं दोन दिवस गैरहजर राहून आलं आणि ‘आजी एक्सपायर झाली सर’ म्हणालं, की नाना खडू खाली ठेवत. “औषध एक्सपायर होतं. बाटलीवर तारीख असते, ती उलटली की एक्सपायर. माणूस मरतो. मरण सरळ सांगावं.” हे ते घरीही येऊन सांगायचे, जेवता जेवता, आणि आम्ही माना डोलवायचो.

आता मायबद्दल. माय कुरुंद्याची, हळदीच्या घरातली. तिचे वडील, आमचे आबा, हळद शिजवण्यात आख्ख्या पंचक्रोशीत वाकबगार. कढईतून निघालेल्या वाफेचा वास घेऊन ते सांगायचे की आता विस्तव ओढा. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा त्यांच्या धोतराचा काठ, त्यांची नखं, त्यांच्या पानाच्या डब्याची कडी, सगळं पिवळं दिसायचं. मायला त्यांच्या घरून ओल्या हळदीचं लोणचं यायचं. ते आमच्याकडं वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं जायचं. माय दोन-तीन इयत्ताच शिकलेली होती, पण तिचं तोंड मोठं गोड आणि अखंड चालू. चूल फुंकता फुंकता ती गावाची सगळी खबर सांगायची. तिच्या लग्नानंतर नानांनी घरात एक सुधारणा केली होती, तिची त्या काळात फार चर्चा झाली. बायकांनी मागून, उरलंसुरलं खायचं ही रीत त्यांनी मोडली. सगळ्यांचे पाट एका ओळीत, मायचा पाट नानांच्या शेजारी, वाढून घ्यायचं आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. शेजारपाजारच्या बायका तिला म्हणायच्या, “नशीबवान हाईस बाई, मालकाच्या मांडीला मांडी लावून जेवतीस.” तिलाही त्याचा अभिमान होता. पण मांडीला मांडी लावून बसल्यामुळं तिचं सगळं बोलणं त्या पेल्याच्या टप्प्यात आलं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

माय चिडायची नाही, हे मला आज फार विचित्र वाटतं. उलट ती शब्द गोळा करायची. नाना काय बोलतात ते ऐकून ठेवायची आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम वापरायची. “दिगूला आज फीवर हाय,” असं म्हणून नानांकडं बघायची. दिगू म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाना खूष झाले की ते पेल्याला हात लावत नसत, नुसती मान हलवत, आणि मायच्या चेहऱ्यावर वर्गात पहिल्या आलेल्या पोरीसारखं काहीतरी दिसे. पण दहांतला एखादाच असा जमायचा. बाकीच्यांना टण्.

नानांची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर पाप लागेल. ते निजामाच्या अमलात शिकले. सुरुवातीची शाळा उर्दूत, मग मराठी, आणि इंग्रजी सगळ्यात शेवटी, मिसरूड फुटल्यावर. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ते ‘इस्टेशन’ म्हणाले आणि प्राध्यापकानं त्यांना बाकावर उभं करून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. वर्ग हसून लोळला. हा प्रसंग ते आम्हाला विनोद म्हणून सांगायचे. सांगताना डाव्या हाताची अंगठी उजव्या हातानं फिरवत राहायचे. आपल्या लेकरांवर, बायकोवर कोणी असं हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते रोज आम्हाला बाकावर उभं करत होते.

ते दिवस हळदीच्या लावणीचे होते. रविवार होता, दुपारची जेवणं चालली होती. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, कांदा, आणि बरणीच्या तळाशी उरलेलं ते लोणचं. दारात फटफटी थांबली. सोपानमामा आत आला. हा मायचा चुलतभाऊ, वसमतला एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. तो एरवी अंगणातूनच ओरडत यायचा, त्या दिवशी गुमान चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभा राहिला. मायनं विचारलं, “सोपान? काहून रं, आज अवचित?” तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “अक्का, आबा एक्सपायर झाले. सकाळी.”

मायच्या हातात घास होता. तो तसाच राहिला. ती सोपानमामाकडं बघत होती, मग वळून नानांकडं बघितलं, जणू ही बातमी खरी की खोटी ते त्यांनी सांगायचं होतं. आणि ती म्हणाली, “अहो, आबा एक्सपायर झाले.”

टण्.

मी खोटं लिहीत नाही. तो आवाज मी ऐकला, दिगूनं ऐकला, उंबऱ्यातल्या सोपानमामानं ऐकला. नानांचं लक्ष ताटात होतं की बातमीत होतं, बातमी कानापर्यंत पोचली होती की नुसता शब्द पोचला होता, देव जाणे. हात आपोआप गेला आणि मागून तोंडही गेलं. “एक्सपायर औषध होतं,” नाना म्हणाले, “माणूस मरतो.”

आणि मायनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, हातातला घास ताटात ठेवला आणि बरोबर शब्द म्हणून दाखवला. “मेले,” ती म्हणाली. “माझे आबा मेले.”

स्वतःच्या तोंडातून तो शब्द बाहेर पडलेला तिनं ऐकला, आणि मग तिनं जो टाहो फोडला तसा माणसाचा आवाज मी पुढं दवाखान्याच्या नोकरीतसुद्धा क्वचितच ऐकला. मी हादरून भिंतीला चिकटले. दिगूनं कानांवर हात ठेवले. सोपानमामा नानांकडं बघत होता. त्याच्या बघण्यात रागसुद्धा नव्हता. एखाद्या माणसाला अचानक शेपूट फुटलेली दिसावी तसं तो बघत होता. नाना पांढरेफटक पडले होते. त्यांचा डावा हात अजून पेल्यापाशीच होता, आणि तो मागं कसा घ्यावा हे त्यांना कळत नसावं.

नर्स म्हणून मी आयुष्यभर हा शब्द लिहिला. केसपेपरवर आम्ही ‘एक्सपायर्ड’च लिहायचो, नातेवाइकांना सांगतानाही तोच वापरायचो. लोकही एकमेकांना तोच सांगतात. व्हरांड्यात उभं राहून फोन लावतात, “दादा एक्सपायर झाले, या लवकर.” नानांचं म्हणणं भाषेच्या हिशोबानं असेलही बरोबर, मला त्यातलं फार कळत नाही. पण चुलीवरचं तापलेलं पातेलं आपण फडक्यानं धरून उतरवतो. उघड्या हातानं धरता येत नाही म्हणून परक्या भाषेतला शब्द मध्ये धरायचा, एवढंच ते असतं. सोपाननं ते फडकं मायच्या हातात दिलं होतं आणि नानांनी ते काढून घेतलं. हे मला बऱ्याच वर्षांनी, एका बाईला तिच्या नवऱ्याची बातमी देताना सुचलं. त्या दुपारी मला फक्त धक्का बसला होता.

माय सोपानमामाच्या फटफटीवर बसून गेली. नाना दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन यष्टीनं गेले. कुरुंद्यात त्यांच्याशी कोणी वाकडं बोललं नाही. जावई माणूस, त्यातून गुरुजी. पण सोपाननं सांगितलंच असणार, कारण ते जिथं बसत तिथली बोलणी थांबायची. ते आपले आबांच्या खळ्याच्या कडेला एकटेच बसून राहायचे. मायच्या जवळ जाऊन काही बोलावं असं त्यांना वाटत असावं, कारण दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. इतक्या शब्दांचा मालक माणूस, पण वेळेला एकही हाताशी आला नाही.

तेरावं करून माय परतली तेव्हा आषाढी तोंडावर आली होती. आमच्या भागातल्या बायका चातुर्मासाचे नेम धरायच्या. कोणी कांदा-लसूण सोडायची, कोणी एक वेळ जेवायची, कोणी पिंपळाला पाणी घालायची. माय एरवी कसलाच नेम धरायची नाही, मला बोलल्याबिगर न्हाई अन् खाल्ल्याबिगर न्हाई राहवत, असं हसून सांगायची. त्या वर्षी तिनं एकादशीच्या आदल्या दिवशी, भाकरी थापता थापता, कोणाकडंच न बघता सांगितलं, “उद्यापासून माझा मौनाचा नेम हाय. ताटावर बसले की बोलणार न्हाई. कार्तिकीपस्तोर.” मौनाचा नेम मोठा कडक. पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. चुकून बोललं तर भरल्या ताटावरून उठायचं. आणि नेम पुरा झाला की देवळाला घंटा वाहायची. नाना म्हणाले, “चांगलं आहे. वडिलांच्या नावानं काहीतरी करावं माणसानं.” ते खरोखर तसंच समजले होते. आम्हीही.

पहिले काही दिवस गंमत वाटली. माय खुणेनं मीठ मागायची, दिगू मुद्दाम साखर द्यायचा. मग हळूहळू घरातला आवाज बदलला. जेवताना भाकरीचा तुकडा मोडल्याचा, कढीच्या भुरक्याचा, बाहेर बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज एवढा मोठा कधी नव्हता. दिगूनं काही दिवसांत स्वतःहूनच जेवताना बोलणं सोडलं. माय बोलत नाही तर मीबी नाही, असा त्याचा सरळ हिशोब. मग राहिले मी. एकटं बोललं तर सगळे टण् माझ्या वाट्याला येणार, म्हणून मीही गप्प झाले. नाना एका ओळीतल्या तीन मुक्या माणसांशेजारी बसून जेवायला लागले. ते सुरुवातीला वर्तमानपत्रातलं काही सांगायचे, चेअरमनची थट्टा करायचे. मग त्यांचंही बोलणं आटलं.

पण खरा हादरा वेगळाच होता, आणि तो नानांच्या आधी मला बसला. ताटावरून उठल्यावर माय बोलायची. आमच्याशी, शेजारणींशी, गड्याशी, सगळ्यांशी. नानांशीही कामापुरतं बोलायची. फक्त नानांशी बोलताना तिच्या तोंडात एकही इंग्रजी शब्द येत नव्हता. शेजारणीला ती म्हणायची, “यष्टी गेली का वं?” आणि नानांना म्हणायची, “मोठी गाडी गेली.” लाईटीला ‘दिवे’. टाइमाला ‘येळ’. सायकल आणायची असली की ‘तुमची दोन चाकं’. एकदा दिगू तापानं फणफणला तेव्हा ती नानांसमोर उभी राहून म्हणाली, “वैद्याला बोलवा.” नाना म्हणाले, “वैद्य? गावात वैद्य कुठं आहे?” ती म्हणाली, “सुई टोचतो त्यो वैद्य.” नाना तिच्याकडं बघतच राहिले. त्यांच्यासाठी गोळा केलेले सगळे शब्द, अगदी फीवरसुद्धा, तिनं त्यांना परत करून टाकले होते. नानांना ते त्या क्षणी कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि मला आपल्या बापाची भीती न वाटता कीव वाटली. ही गोष्ट मला फार जड गेली.

भाद्रपदात एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि घर अंधारात बुडालं. मायनं चुलीतल्या काडीनं चिमणी लावली आणि परत पाटावर बसली. नाना खाकरले. म्हणाले, “लाईट गेली वाटतं.” दिगूनं आणि मी एकमेकांकडं पाहिलं. नानांच्या तोंडी ‘लाईट गेली’! सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी आम्ही इतके दचकलो नसतो. नाना मायकडं बघत होते. जरा थांबून म्हणाले, “चुकलो, नाही का?” आणि त्यांनी स्वतःच, अगदी हलकेच, अंगठी पेल्याला लावली. त्यांना वाटलं असावं, आम्ही हसू. आम्हाला हसू आलं नाही. मायनं खालमानेनं भाकर संपवली, उठून हात धुतले आणि भांडी गोळा करायला लागली.

दिवाळी झाली आणि नाना मला घेऊन कळमनुरीच्या बाजारात गेले. मला वाटलं, फराकासाठी कापड घ्यायचं असेल. ते थेट भांड्यांच्या दुकानात गेले आणि घंटा दाखवा म्हणाले. नेम मायचा, घंटा आणली नानांनी, हे गावात पुढं फार दिवस चर्चेत होतं. दुकानदारानं एकेक घंटा काढून दिली. नाना ती हातात घेत, कानाशी नेऊन वाजवत आणि खाली ठेवत. दुकानदार वैतागला. “गुरुजी, चांगल्या वजनाची हाय की. काहून नको?” नानांनी ती पुन्हा एकदा वाजवली. “नको,” ते म्हणाले, “ही पेल्यासारखी वाजते.” दुकानदाराला काही समजलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, मला समजलं आणि डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एक थोराड, जाड ओठाची घंटा त्यांनी घेतली. तिचा आवाज खालच्या पट्टीतला होता आणि बराच वेळ टिकत होता. येताना जीपमध्ये त्यांनी ती मांडीवर धरली होती आणि तिची जीभ हातरुमालानं बांधून टाकली होती, वाटेत वाजू नये म्हणून.

कार्तिकीला मायनं मारुतीच्या देवळात घंटा बांधली आणि वाजवली. नाना मागं उभे होते. दुसऱ्या दिवशी, बारशीला, दुपारी उपास सुटणार होता, आणि नेमही. मायनं पुरण घातलं होतं, येसराची आमटी होती, आणि कुरुंद्याहून आलेलं ओल्या हळदीचं लोणचं होतं. आबांच्या मागं सोपानमामानं ते पाठवलं होतं. चार पाट मांडले. दिगूनं सवयीनं पेला भरून नानांच्या डावीकडं ठेवला. आम्ही बसलो आणि मी मायच्या तोंडाकडं बघायला लागले. आता ही बोलणार का? आणि नाही बोलली तर? नेम सुटल्यावरही माणूस गप्प राहू शकतं, ही शंका मला पहिल्यांदाच आली होती, आणि वाटलं, मग आपलं घर आयुष्यभर असंच राहणार. मी नानांकडं पाहिलं तर ते डावा हात मांडीखाली दाबून बसले होते. शाळेत मारकुट्या पोराला बसवतात तसे.

मायनं पहिला घास खाल्ला. पाणी प्यायली. मग समोरच्या भिंतीकडं बघत, मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली, “माझा बाप एक्सपायर झाला.”

चुलीतलं लाकूड तडकलं तर मी केवढ्यानं दचकले.

“व्हय,” नाना म्हणाले.

आमच्या घरात ‘व्हय’ म्हणायला आम्हालाही परवानगी नव्हती. नाना ‘होय’ म्हणायचे, नेहमी. माय त्यांच्याकडं वळली. नाना म्हणाले, “मंग? कसं झालं गं? मी इचारलंच न्हाई तुला.”

मग माय जी सुटली. आबा लावणीच्या बेण्याच्या ढिगाला टेकून बसले होते, गड्यांना म्हणाले जरा टाइम द्या, दम खातो. त्यांना ब्लेडप्रेशर होतं पण गोळी घेत नव्हते. कोणी डागदराकडं पळालं, कोणी यष्टी थांबवायला रोडवर गेलं, आणि आबा तसेच, हातात हळदीचं बेणं धरून बसल्या जागी. मूठ उघडेना. ते बेणं तसंच मुठीत ठेवून नेलं त्यांना. माय रडत होती आणि सांगत होती, आणि तिच्या बोलण्यात तिचे सगळे इंग्रजी शब्द जसेच्या तसे परत आले होते. नाना ऐकत होते. मध्येच “मंग?” म्हणत होते. पुरणपोळी गार झाली. त्यांचा हात शेवटपर्यंत मांडीखालीच होता, आणि उठताना त्याला मुंग्या आल्या म्हणून त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

त्यानंतर पेला पाणी पिण्यापुरता राहिला. शाळेत मात्र नाना होते तसेच होते. गावातली पोरं त्यांना पाहून रस्ता बदलायची, आणि डेअरीच्या पाटीवरून चेअरमनशी भांडण तर दोघांचे दात पडले तरी चालू होतं. आता मी नातीला काही लिहून पाठवायला लागले की फोन शब्दाखाली लाल रेघ ओढतो. मी त्या रेघेला म्हणते, ओढा नाना, ओढा.

नाना गेले तेव्हा मी नांदेडला नोकरीत होते. सकाळची ड्यूटी नुकतीच सुरू झाली होती. फोन वाजला, मायचा आवाज. रडून रडून बसलेला, पण शांत. म्हणाली, “सुमे, नाना मेले गं.”

मी असंख्य मरणं पाहिली होती, असंख्य माणसांना सांगितली होती, पण असा उघडा शब्द कानात शिरला नव्हता. मी तिथल्याच बाकावर बसले. म्हणाले, “माय, असं काहून बोलतीस? असं कोणी म्हणतं का?”

“मंग काय म्हणू?” ती म्हणाली. “एक्सपायर म्हणलेलं त्यांला चालत न्हवतं.”